चेरोकी, क्री, इनुक्टिटुट मजकूर हाताळताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या चेरोकी भाषेचं तिच्या स्वतःच्या लिपीतलं नाव, म्हणजे 'त्सलगी', तीन अक्षरांचं आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला ती अक्षरं जी, डब्ल्यू, वाय अशीच दिसतात. मग घाईत कोणीतरी कीबोर्ड न बदलता या तीन कळा दाबून मोकळं होतं. छापील पोस्टरवर हे खपून जातं. वेबसाइटवर मात्र शोध लागत नाही आणि मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीन-रीडर इंग्रजी अक्षरं वाचत सुटतो. सिक्वोया यांनी १८२१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या या लिपीत अशी फसवी अक्षरं बरीच आहेत: डीसारखं दिसतं ते 'अ', एचसारखं ते 'मि', एमसारखं ते 'लु'.

कॅनडातल्या क्री भाषेत ही गडबड आणखी बारीक होते. पश्चिमेकडच्या क्री लेखनात शब्दाच्या शेवटचं एक व्यंजन आडव्या छोट्या रेघेनं दाखवतात. त्याजागी इंग्रजी हायफन टाकला, की ब्राउझर त्याला जोडरेघ समजून शब्द तिथेच तोडतो. पूर्णविरामही छोट्या फुलीसारखा असतो, त्यामुळे लोक इंग्रजी एक्स टाकतात. शिवाय ख्रिस्तासाठी वापरायची वेगळी फुली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक आणि नाव देणाऱ्या मानकात, आहे; तीही चुकून पूर्णविराम म्हणून येते. शंका आली तर अक्षराचं युनिकोड नाव तपासा. डोळ्यांवर विसंबू नका.

जुन्या फायली हा वेगळा ताप आहे. आपल्याकडे शिवाजी किंवा कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टांनी जे केलं, तेच इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेसाठी कॅनडाच्या नुनावुट प्रदेशात नुनाकॉम आणि प्रोसिल या फॉन्टांनी केलं. आत साठवलेली अक्षरं इंग्रजी, दिसतं इनुक्टिटुट. फॉन्ट काढला की कचरा उरतो. रूपांतर करताना आधी फॉन्टचं नाव शोधा, कारण प्रत्येकाची मांडणी निराळी. आणि अख्खी फाइल एकदम रूपांतरात घालू नका. मधली खरी इंग्रजी वाक्यंही त्यात भरडली जातात. ज्या तुकड्याला तो फॉन्ट लावलाय, तेवढाच बदला.

देवनागरीची सवय असलेल्या प्रोग्रामरची एक खास चूक असते. आपल्याकडे 'प' वेगळा आणि वेलांटी वेगळी साठवली जाते. क्री आणि इनुक्टिटुट ज्या लिपीत लिहितात, त्या कॅनडाच्या लिपीत 'पि', 'पु', 'पा' यांना एकेक स्वतंत्र कोड आहे, आणि दीर्घ स्वराचा वरचा ठिपकाही त्याच कोडात येतो. ऱ्हस्व अक्षरावर वेगळा ठिपका चिकटवलात, तर दिसेल बरोबर. पण नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणारी युनिकोडची प्रक्रिया, त्यांना कधीच एक करणार नाही. 'प्वे'सारख्या अक्षरांना तर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या लेखनासाठी दोन वेगळे कोड आहेत. दोन्ही प्रदेशांचा मजकूर एकत्र शोधायचा असेल, तर ती जुळणी तुम्हालाच लिहावी लागेल.

चेरोकीत आणखी एक सापळा आहे. १९९९ मध्ये युनिकोड ३.० मध्ये ही लिपी आली तेव्हा तिला लहान-मोठी अक्षरं नव्हती. २०१५ मध्ये ८.० आवृत्तीत लहान अक्षरं आली. जुना मजकूर बिघडू नये म्हणून इथे केस-फोल्डिंग (तुलनेसाठी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पुसणं) मोठ्या अक्षरांकडे होतं, इतर लिप्यांच्या बरोबर उलट. मग तुलनेआधी सवयीनं सगळं 'लोअरकेस' करणारा कोड काय करतो? नव्या लायब्ररीवर अक्षरं बदलतात, जुन्या लायब्ररीवर तशीच राहतात आणि दोन सर्व्हरांचं जुळत नाही. वर जुन्या फॉन्टमध्ये ही लहान अक्षरं नसल्यानं पडद्यावर चौकोन येतात. तुलनेसाठी केस-फोल्डच वापरा आणि मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा.

नुसते चौकोनच दिसत असतील तर घाबरायचं कारण नाही. बहुधा फॉन्ट नसतो. विंडोजवर गाडुगी फॉन्टमध्ये चेरोकी आणि कॅनडाची लिपी दोन्ही आहेत.

प्रश्नचिन्हं किंवा अर्धवट तुटलेली वाक्यं दिसली तर डेटाबेस बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं 'यूटीएफ८' एन्कोडिंग अक्षरामागे तीनच बाइट ठेवतं. क्री, चेरोकी, नेहमीचं इनुक्टिटुट त्यात मावतं, म्हणून चाचणी पास होते. इनुइटांच्या नात्तिलिक बोलीसाठी २०२१ मध्ये युनिकोड १४ मध्ये आलेली अक्षरं मात्र चार बाइटांची आहेत, तिथे 'यूटीएफ८एमबी४'च लागतं. चाचणीच्या मजकुरात यातलं एखादं अक्षर पहिल्या दिवसापासून असू द्या.