दोन टॅब, पण खरंच दोन?

भाची टाइप रेटिंग (एका ठरावीक जातीचं विमान चालवायचं प्रशिक्षण) संपवून नाशिकला, गंगापूर रोडच्या घरी आली, तेव्हा माळ्यावरची माझी जुनी काळी फ्लाइट बॅग बघून हसत सुटली. कागदी चार्ट (म्हणजे विमानतळांचे आणि हवाई मार्गांचे नकाशे) आणि मॅन्युअलं कोंबली की ती बॅग पंधरा-सोळा किलो भरायची. आता ते सगळं टॅबवर असतं, दोन वैमानिकांचे दोन टॅब. तिला मिळालेला टॅब कव्हरसकट किलोभरही नाही. "मामा, एक बंद पडला तर दुसरा असतोच की," ती म्हणाली. तिथेच मी चहा बाजूला ठेवला. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, नव्याने उजव्या सीटवर, म्हणजे फर्स्ट ऑफिसर म्हणून, बसणाऱ्या सगळ्यांसाठी.

टॅब सुटा सुटा क्वचितच दगा देतो. दोन्ही टॅब एकाच कारणाने बंद पडू शकत असतील, तर ते दोन नव्हेतच. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची डझनावारी विमानं उशिरा सुटली, कारण वैमानिकांच्या आयपॅडवरचं चार्टचं ॲपच बंद पडत होतं. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक चार्ट डेटाबेसमध्ये दोनदा आला होता. काही विमानं वाय-फायसाठी गेटवर परत आली आणि वैमानिकांनी ॲप काढून पुन्हा टाकलं. यंत्रं धडधाकट होती, पण सगळ्यांच्या पोटात तोच घास गेला होता.

म्हणून पहिलं काम घरीच उरकायचं. चार्टचा डेटा दर २८ दिवसांनी, गुरुवारी बदलतो. ड्यूटीला निघताना घाईघाईत अपडेट मारू नका, आदल्या दिवशी मारा. मग एअरप्लेन मोड लावून, निघायचं, उतरायचं आणि पर्यायी अशा तिन्ही विमानतळांचे चार्ट उघडून बघा. नेट असताना उघडलेला चार्ट टॅबमध्ये उतरलेलाच असेल असं नाही, आणि हे हवेत कळण्यात काही मजा नाही. टॅबची स्वतःची सिस्टीम मात्र आपोआप अपडेट होऊ देऊ नका. कंपनीचा निरोप आल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही, शेजारच्या सगळ्यांनी लावला तरी.

दुसरा शत्रू ऊन. आयपॅड वापरायची मर्यादा ० ते ३५ अंश अशी दिलेली असते. आपल्या ओझर विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, मे महिन्यात दुपारी पारा त्याच्या वर सहज जातो, आणि काचेमागे तर भट्टीच. एकदा तिथेच, टर्नअराउंडमध्ये (उतरल्यावर पुन्हा निघायच्या मधल्या वेळात), आम्ही दोघं आपापले टॅब खिडकीच्या माउंटवर, म्हणजे टॅब अडकवायच्या पकडीवर, तसेच ठेवून कागदपत्रं बघत बसलो. आधी चार्जिंग थांबलं, मग स्क्रीन मंद झाली, मग माझ्या टॅबवर तापमानाचा इशारा आला, आणि मी "अरे" म्हणेपर्यंत फर्स्ट ऑफिसरच्याही टॅबवर. सावलीत, एसीच्या झोतापाशी धरून ते शुद्धीवर आणेपर्यंत आम्ही उशीर केलेला होता. तेव्हापासून जमिनीवर असताना एक टॅब माउंटवर आणि दुसरा सावलीत, हा माझा नियम आहे. तापलेला टॅब बर्फाला मात्र लावू नका, आत दव धरतं. कॉलेज रोडला काही आणायला थांबलात तर टॅब गाडीत सोडू नका. घरी काचेच्या टीपॉयवर तो उताणा ठेवून बघा. डुगडुगत असेल किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तो टॅब विमानात न्यायचाच नाही. आणि हवेत एखादा पेटलाच, तर विमानातल्या अग्निशामकातल्या हॅलॉन वायूने ज्वाळा विझतात पण बॅटरी गार होत नाही. त्यानंतर पाणी ओतत राहावं लागतं.

तिसरी गोष्ट आकड्यांची, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती हिचीच वाटते, कारण इथे टॅब अगदी व्यवस्थित चालत असतो. मार्च २००९ मध्ये मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या ए३४०च्या टेकऑफच्या गणितात वजन ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन असं भरलं गेलं. शंभर टनांचा फरक! विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली, धावपट्टी संपल्यावर ते जेमतेम उचललं. ते सुखरूप परत उतरलं, हे नशीब. तेव्हा टॅब नव्हता, लॅपटॉप होता, पण बोट तेच. दोघांनी आपापल्या टॅबवर, लोडशीट (विमानाच्या वजनाचा कागद) बघून, वेगवेगळं गणित करायचं. कॅप्टनने आकडा वाचला आणि तुम्ही तो टाइप केला, तर तुमचा टॅब त्याच्या टॅबची झेरॉक्स झाला. माझ्या वहीत शेवटच्या पानावर हाताने लिहिलेला ठोकताळा आहे: एवढं वजन, तर टेकऑफचा वेग साधारण एवढ्या ते एवढ्या दरम्यान. दोन्ही टॅब एकमताने त्याबाहेरचं काही सांगू लागले, तर मी पुशबॅक, म्हणजे विमान गेटवरून मागे ढकलायची परवानगी, मागत नाही.

ठेवायचा कुठे, हे थोडक्यात सांगतो. माउंटवर, नाहीतर बॅगेत. मांडीवर नाही, सीटशेजारच्या फटीत तर अजिबात नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात कॅप्टनचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि साइडस्टिक (विमान चालवायचा बाजूचा दांडा) यांच्या मध्ये अडकला. सीट पुढे घेताच साइडस्टिक ढकलली गेली आणि विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आलं. टॅब तर कॅमेऱ्यापेक्षा चपटा, कुठेही घुसतो.

टॅब हँग झाला आणि रीस्टार्ट करून सुरळीत झाला, तरी उतरल्यावर कळवा. दोन सेक्टरनंतर, म्हणजे दोन उड्डाणांनंतर, तोच प्रकार दुसऱ्या कुणाच्या टॅबवर होत असेल, तर ते तुमच्या दोघांच्या नोंदींवरूनच कोणाच्या तरी लक्षात येईल.

आणि गॉगल पोलराइज्ड घेऊ नका. टॅब एका बाजूने धरला तर स्क्रीन काळीठिक्कर दिसते, आणि बिघाड टॅबमध्ये आहे असं वाटून माणूस उगीच बटणं दाबत बसतो. भाचीने पहिल्या पगारातून नेमका तसलाच आणला होता. काल मेन रोडला जाऊन बदलून आली.