पन्नासची नोट घेऊन मासळीबाजारात: समुद्र रिता न करता मासे कसे घ्यावेत

गेल्या वर्षी नवी मुंबईत बेलापूरच्या दिवाळे गावातल्या बाजारातून मी पाऊण किलो पापलेट स्वस्तात आणली. घरी टोपात ओतली तर मोजून वीस निघाली. साफ करायला घेतली, तर एकाच्याही पोटात गाबोळी नाही. एकदाही अंडी न घातलेली पिल्लं होती ती. वीस मासे आणि आम्हा चौघांचं एक जेवण. तेव्हापासून मासे घ्यायची माझी रीत बदलली, तीच इथे सांगते.

मासे खाणं सोडा, असं मी म्हणणार नाही. वाशीगाव, सारसोळे, दिवाळे, चेंदणी या कोळीवाड्यांचा संसार मासळीवर उभा आहे. शिवाय होडीतून खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्या माणसाने समुद्र ओरबाडलेला नाही. जगात ज्या मासळीसाठ्यांचा अभ्यास झाला आहे, त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त साठ्यांतून निसर्गाला भरून काढता येत नाही इतकी मासळी उपसली जाते. त्याचं मोठं कारण यांत्रिक बोटींची वाढलेली ताकद, तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी आणि बारीक आसाची (छिद्रांची) जाळी. आपण गिऱ्हाईक आहोत. पिल्लाला भाव मिळतो तो आपल्याकडून.

आधी माप बरोबर घ्या

महाराष्ट्र सरकारने 2023 साली 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे, बोंबलासाठी 180. पापलेटला त्याच वर्षी राज्यमासा म्हणून मान मिळाला, त्यामुळे निदान त्याची तरी लाज राखूया.

बाजारात कोणी पट्टी नेत नाही. पण नव्या पन्नासच्या नोटेची लांबी बरोबर 135 मिलिमीटर असते. पापलेट नोटेपेक्षा आखूड असेल तर ते घ्यायचं नाही. ओल्या हातांनी नोट माशाला लावायची गरज नाही, शेजारी धरली तरी कळतं. बोंबलासाठी स्वतःचा हात पुरतो. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण 18 सेंटिमीटर भरतात. एकदा घरी मोजून ठेवा. बोंबील त्याहून लांब हवा.

ही झाली कायद्याची खालची रेघ. मी पापलेट नोटेपेक्षा चांगलं चार बोटं मोठं घेते, कारण रेघेवर बसणारा मासा नुकताच पिल्लूपणातून बाहेर येत असतो.

इथे एक गोंधळ टाळा. लहान दिसणारा प्रत्येक मासा पिल्लू नसतो. जवळा आयुष्यभर तेवढाच राहतो, मांदेली पूर्ण वाढली तरी वीतभराहून लहानच. ती बिनधास्त घ्या. उलट घोळ किंवा रावस लहान मिळाला तर तो पिल्लू असण्याचीच शक्यता जास्त. आणि खूप मोठ्या, भरलेल्या मादीचा मोहही आवरावा, कारण मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. मधल्या आकाराचा मासा घेणं सगळ्यात बरं.

चिंबोरी आणि खेकडा उलटा करून बघा

पोटाखालच्या झाकणाबाहेर स्पंजासारखा अंड्यांचा घोस दिसला, पिवळा, नारिंगी किंवा काळपट, तर ती मादी परत ठेवायला सांगा. आतल्या लाखेबद्दल (कवचाआतल्या गाबोळीबद्दल) मी बोलत नाही, ती अवसेची भरलेली चिंबोरी आपल्याला ठाऊक आहे. बाहेर लटकलेला घोस म्हणजे अंडी फुटायची वाट बघत असलेली आई.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचा दाखला मुंबईच्याच समुद्रात आहे. चपटी, वाळूत राहणारी शेवंड इथे ट्रॉलरना भरपूर मिळायची. अंडी धरलेल्या माद्यांसकट तिचा उपसा होत राहिला आणि 1994 पर्यंत मुंबईच्या पाण्यातली तिची मासेमारी कोसळली. जाळी बारीक, मागणी चढती आणि माद्यांना सुट्टी नाही, हे तिन्ही एकत्र आले की एवढ्या मोठ्या समुद्रातूनही एखादी जात हद्दपार होते.

जून-जुलैमध्ये ताट बदला

1 जून ते 31 जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींचा विणीचा काळ असतो. या दिवसांत कोणी "आजचीच, ताजी" म्हणून मोठी सुरमई विकत असेल तर ती कुठून आली, हे सरळ विचारा. शीतगृहातली असेल, किंवा पूर्व किनाऱ्यावरची, कारण तिकडची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. चोरून धरलेलीही असू शकते. उत्तर पटलं नाही तर पुढच्या टोपलीकडे जा.

आपल्याकडे या दिवसांची सोय पूर्वीपासून आहे. आगोटीच्या (पावसाळा सुरू होण्याच्या) आधी सुके बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या भरून ठेवायच्या. पावसाच्या संध्याकाळी तव्यावर भाजलेला सुका बोंबील, कांदा आणि तांदळाची भाकरी असली की ताज्या माशाची आठवण येत नाही. सुकं घेतानाही तेच माप वापरा. सुकल्यावर बोंबील आक्रसतो, एवढं लक्षात ठेवून.

पापलेट-सुरमईच्या पलीकडे बघा

सगळ्या सोसायट्या पापलेट, सुरमई, रावस एवढंच मागतात म्हणून सगळा ताण त्यांच्यावर येतो. मांदेली लवकर वाढते, ती तांदळाच्या पिठात घोळून तळा. बोईट, ढोमा, माकुल घ्या. बोईट आंबटात उत्तम लागतो. लसूण ठेचून, हळद-मसाला आणि कोकम, बस. काट्यांची भीती असेल तर कोळीण मावशींनाच विचारा, त्या कापून देतात आणि कालवण कसं करायचं तेही सांगतात.

त्यांच्याशी बोलणं हीच खरी पायरी आहे. "मावशी, बारकी पापलेट नको, पुढच्या खेपेला मोठी ठेवा, दोन पैसे जास्त देईन." मी हे चार-पाच वेळा म्हटल्यावर आमच्या मावशी आता स्वतःच म्हणतात, "बाय, तुझ्याजोगी आज नाय, मांदेली घेऊन जा." किलोमागे थोडे जास्त पैसे जातात, हे खरं. मी महिन्यातली एक खेप कमी केली.

खाडी सांभाळा

आपल्या दाराशी मासळीचा पाळणा आहे. ठाणे खाडीतल्या तिवरांच्या (कांदळवनाच्या) मुळांत कोळंबीची, बोईटाची, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात. 2015 पासून या खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये तिला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तरी पुलावरून निर्माल्याच्या पिशव्या पडतातच. निर्माल्य कलशात टाका. तिवरं तोडून भराव टाकलेला दिसला तर तारीख आणि ठिकाणासह फोटो काढा आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे व महापालिकेकडे लेखी तक्रार करा. तोंडी सांगितलेलं विरून जातं.

ओळखीचा कोणी मच्छीमार असेल तर त्याला एक गोष्ट जरूर सांगा. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव अडकला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, म्हणून जाळं कापण्याआधी मोबाईल कोणाच्या तरी हातात द्यायला सांगा.