प्रश्नोत्तरांच्या साइटचा डेटाबेस: मतं, मान्य उत्तर आणि मराठी टॅग कसे मांडायचे

पहिला निर्णय टेबलांचा. प्रश्न आणि उत्तरं वेगळी ठेवायची की एकत्र? आमचं मत ठाम आहे: एकच पोस्ट्स टेबल करा. मत, टिप्पणी, दुरुस्ती आणि तक्रार या चारही गोष्टी प्रश्नालाही लागतात आणि उत्तरालाही. दोन टेबलं केलीत तर या चारही गोष्टींची दोन-दोन टेबलं होतात, नाहीतर फॉरेन कीवर (ओळीत लिहिलेला आयडी दुसरीकडे खरंच आहे ना, या डेटाबेसच्या तपासणीवर) पाणी सोडावं लागतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर साइटच्या सार्वजनिक डेटा डम्पमध्येही (सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या डेटाच्या प्रतीत) पोस्ट्स एकच आहे. त्यात प्रकार १ म्हणजे प्रश्न आणि २ म्हणजे उत्तर.

पोस्ट्समध्ये आयडी, प्रकार, पॅरेंट_आयडी (उत्तर ज्या प्रश्नाचं आहे त्याचा आयडी), लेखक_आयडी, शीर्षक, मजकूर, गुण, मान्य_उत्तर_आयडी, तयार_वेळ आणि काढल्याची_वेळ एवढे कॉलम पुरतात. आयडी बिगइंट (मोठा पूर्णांक) घ्या, कारण साधा इंट २१४ कोटींच्या आसपास संपतो आणि भरलेल्या टेबलावर तो बदलणं फार जिकिरीचं असतं. लगेच एक चेक (ओळ लिहिताना डेटाबेस तपासतो ती अट) लावा: प्रकार १ असेल तर पॅरेंट रिकामा आणि शीर्षक भरलेलं, प्रकार २ असेल तर बरोबर उलट. उत्तरालाच कोणी उत्तर जोडलं तर मात्र हा चेक पकडणार नाही, कारण तो फक्त आपलीच ओळ बघतो. तिथे ट्रिगर (ओळ लिहिताना आपोआप चालणारा कोड) लागेल.

मान्य उत्तर हे बहुतेकांचं चुकतं. मान्य_उत्तर_आयडीवरून पोस्ट्सच्या आयडीकडे साधी फॉरेन की लावली, तर भलत्याच प्रश्नाचं उत्तरही मान्य म्हणून बसू शकतं आणि डेटाबेस काहीच बोलत नाही. उपाय असा: आधी पॅरेंट_आयडी आणि आयडी या जोडीवर युनिक (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) लावा. मग आयडी आणि मान्य_उत्तर_आयडी या जोडीवरून त्या युनिक जोडीकडे फॉरेन की द्या. आता प्रश्न ४२ साठी उत्तर ९७ मान्य करायला ९७ चा पॅरेंट ४२ असलाच पाहिजे. मान्य_उत्तर_आयडी रिकामा असेपर्यंत ही की तपासलीच जात नाही, त्यामुळे नवा प्रश्न टाकताना अडत नाही.

मतांचं टेबल छोटं असतं, पण सगळी कसोटी तिथेच लागते. पोस्ट_आयडी, वापरकर्ता_आयडी, मूल्य (फक्त १ किंवा उणे १) आणि वेळ. प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) म्हणजे पहिल्या दोघांची जोडी. वेगळा आयडी नको. ‘याने आधी मत दिलंय का’ हे फक्त कोडमध्ये तपासलं, तर बटण दोनदा दाबल्यावर दोन्ही विनंत्यांना ‘नाही’ असंच उत्तर मिळतं आणि दोन मतं पडतात. प्रायमरी की ते होऊ देत नाही.

पोस्टवरचा गुण हा मतांच्या बेरजेची साठवलेली प्रत आहे. खरी नोंद मतांच्या ओळींची. दर वेळी बेरीज करत बसलं तर यादीचं पान मंदावतं, म्हणून प्रत ठेवायची. पण मत आणि गुण एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही अशा गटात) बदलायचे, आणि क्रमही पाळायचा. आधी पोस्टची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने लॉक करा, मग जुनं मत वाचा, नवं लिहा, फरक गुणात मिळवा. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण इंजिनमध्ये हा क्रम उलटा केलात तर डेडलॉक ठरलेला: मत घालताना फॉरेन की तपासण्यासाठी पोस्टच्या ओळीवर शेअर्ड लॉक (एकाच वेळी अनेकांना धरता येणारा) बसतो, दोन जण एकाच वेळी तो धरून बसतात आणि गुण वाढवायला दोघांनाही दुसऱ्याने सोडायची वाट बघावी लागते. रोज रात्री गुण आणि मतांची बेरीज जुळते का ते तपासणारी क्वेरी चालवा. फरक दिसला तर आधी कोडमधली चूक शोधा, आकडा नंतर दुरुस्त करा.

वापरकर्त्याच्या प्रतिष्ठेचंही (त्याच्या पोस्टना मिळालेल्या मतांवरून जमणाऱ्या गुणांचं) हेच. नुसता आकडा ठेवू नका, खतावणी ठेवा: कोणाला, कोणत्या पोस्टमुळे, कोणत्या कारणाने, किती. स्टॅक ओव्हरफ्लोने नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रश्नाच्या वरच्या मताचे ५ गुण १० केले आणि जुन्या मतांनाही ते लागू केले. असा बदल करायचा तर मागची प्रत्येक नोंद हाताशी लागते.

टॅगसाठी टॅग्स आणि पोस्ट_टॅग्स अशी दोन टेबलं. पोस्ट_टॅग्सची प्रायमरी की पोस्ट आणि टॅग अशी, शिवाय उलट क्रमाचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची), कारण टॅगच्या पानावर शोध टॅगवरूनच सुरू होतो. मराठी साइट असेल तर इथे खास काळजी घ्या. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये ०९७२ हा एकच वर्ण असतो, किंवा अ आणि वर चंद्र असे ०९०५ व ०९४५ हे दोन. दिसायला सारखेच, पण युनिक इंडेक्सच्या लेखी दोन निराळे टॅग. एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची पद्धत) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. र आणि नुक्ता जोडून लिहिलेला ऱ एनएफसी सरळ करतं. पण ‘कऱ्हाड’मधला अर्धा र कोणी ऱ् वापरून टाइप करतं, तर कोणी र् पुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह टाकून, आणि तिथे एनएफसी पुन्हा हात टेकतं. म्हणून टॅग्समध्ये दोन कॉलम ठेवा: दाखवायचं नाव आणि जुळवायचं नाव. एनएफसीनंतर ॲ आणि अर्धा र या दोन्हींचं एकच रूप आपल्या कोडमध्ये करून जुळवायचं नाव तयार करा आणि युनिक त्याच्यावरच लावा. ‘शेती’ आणि ‘कृषी’ एक करायचे असतील तर त्यासाठी पर्यायी टॅगांचं वेगळं टेबल.

मायएसक्यूएलवर कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ च हवा. जुना यूटीएफ८ तीन बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी अक्षरं तीन बाइटांत बसतात, त्यामुळे चाचणीत सगळं सुरळीत दिसतं आणि पहिला इमोजी आला की गाडी अडते.

दुरुस्त्या वेगळ्या टेबलात: पोस्ट_आयडी, आवृत्ती क्रमांक, संपादक, पूर्ण मजकूर, कारण. फक्त फरक साठवून जागा वाचते, पण जुनी आवृत्ती परत आणताना साखळीतला एक दुवा बिघडला की पुढचं सगळं जातं. पूर्ण मजकूरच ठेवा.

वाचनसंख्या पोस्ट्समध्ये ठेवू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक अपडेटला ओळीची नवी प्रत लिहितो, म्हणजे नुसत्या वाचनाने टेबल फुगत जातं. मोजणी रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये करा आणि दर काही मिनिटांनी वेगळ्या छोट्या टेबलात एकगठ्ठा उतरवा.

वापरकर्ता खातं बंद करतो तेव्हा ‘ऑन डिलीट कॅस्केड’ (एक ओळ पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्याही पुसायच्या) असेल, तर त्याच्या प्रश्नांबरोबर इतरांनी मेहनतीने लिहिलेली उत्तरंही पुसली जातात. लेखक_आयडीला ‘सेट नल’ (लेखक गेला की तो रकाना रिकामा) लावा आणि पोस्ट काढताना ओळ न पुसता काढल्याची_वेळ भरा. प्रश्नाच्या पानासाठी पॅरेंट_आयडी, गुण उतरत्या क्रमाने आणि आयडी असा इंडेक्स करा, पोस्टग्रेसवर तोही काढल्याची_वेळ रिकामी असलेल्या ओळींपुरताच.