गुलाबजलाच्या बॉयलरला रेग्युलेटरशिवाय दोन आच

गुलाबजल किंवा वाळ्याचा अर्क काढायला दहा लिटरच्या बॉयलरला 1500 वॅटची कॉइल लावली की पाणी लवकर तापतं, पण उकळी फुटल्यावर तीच आच जास्त होते. फेस वर चढतो. थर्मोस्टॅटचा इथे उपयोग नाही, उकळतं पाणी शंभराच्या आसपासच राहतं. पंख्याचा रेग्युलेटर तर जळेलच.

उपाय स्वस्त आहे:

1. 230 व्होल्टच्या, 1500 वॅटच्या दोन सारख्या कॉइल घ्या. दोन्ही तळाशी आडव्या बसवा.
2. त्या सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडा: फेज पहिलीला, न्यूट्रल दुसरीला, उरलेली दोन टोकं एकमेकांना.
3. दुसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 16 अँपियरचा स्विच जोडा.

स्विच चालू: दुसरी बाद, पहिली पूर्ण 1500 वॅटवर. दहा लिटर पाणी अर्ध्या-पाऊण तासात उकळतं. उकळी आली की स्विच बंद करा: दोन्ही मिळून 750 वॅट, अर्क तासाला साधारण लिटरभर. प्रत्येक कॉइलवर निम्माच व्होल्टेज येतो, म्हणजे प्रत्येकीची आच पाव. पाकळी चिकटली तरी सहसा करपत नाही. तरीही कॉइल आणि पाकळ्यांच्या मध्ये जाळी हवीच. वॅट वेगवेगळे असतील तर हा हिशोब साफ चुकतो.

पाणी कॉइलच्या चार बोटं वर राहायला हवं, उघडी पडलेली कॉइल मिनिटभरातही जाऊ शकते. भांड्याला अर्थिंग आणि लाइनला 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर प्लग लावूच नका.