स्विचवरचं अनोळखी ॲडमिन खातं पुसलं तरी परत येतं? माझा अनुभव

लक्षण: कारखान्यातल्या मॅनेज्ड स्विचच्या (नेटवर्कमधली यंत्रं जोडणारं, सेटिंग बदलता येणारं उपकरण) युजर यादीत कुणीच न बनवलेलं लेव्हल 15 चं, म्हणजे सर्वाधिक अधिकारांचं, खातं. पुसलं की काही वेळाने पुन्हा हजर. पासवर्ड बदलले, रीबूट केलं, उपयोग शून्य. डोकं पार पिकलं.

आत शिरायची वाट होती वेब इंटरफेसची, म्हणजे ब्राउझरमधून स्विच चालवायच्या पानाची. ऑक्टोबर 2023 मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-2023-20198 या सुरक्षा त्रुटीमुळे सिस्को कंपनीच्या आयओएस एक्सई या नेटवर्क उपकरणांच्या सॉफ्टवेअरवर लॉगिन न करताच असं खातं बनवता येत होतं. आमचा स्विच दुसऱ्या कंपनीचा, लक्षण तेच.

चाललेला क्रम असा. अपलिंक केबल (स्विचला बाकी नेटवर्कशी जोडणारी) काढली (शिफ्ट बदलतानाच काढा, मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरचा संपर्क तुटतो) आणि कन्सोलवरून, म्हणजे स्विचला थेट केबल लावून, लॉगिन केलं. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही सर्व्हर बंद केले. बरेच जण पहिलाच बंद करतात आणि एचटीटीपीएसचा पोर्ट 443 उघडा राहतो. मग खातं पुसून कॉन्फिगरेशन सेव्ह केलं, नाहीतर रीबूटनंतर जुनंच परत येतं. नंतर फर्मवेअर अपडेट, त्याने वेब पुन्हा चालू केलं नाही ना याची खात्री, आणि एसएनएमपी कम्युनिटीसकट (दुरून उपकरणावर नजर ठेवायच्या सोयीचा पासवर्ड) सगळे पासवर्ड नवे. केबल जोडून ऑफिसच्या नेटवर्कमधून पोर्ट 80 (एचटीटीपी) आणि 443 तपासले, दोन्ही बंद. वेब हवंच असेल तर ॲक्सेस लिस्ट (कुणाला प्रवेश द्यायचा त्याची यादी) लावून मॅनेजमेंट व्हीलॅनपुरतंच (उपकरणं सांभाळण्यासाठी वेगळा ठेवलेला नेटवर्कचा भाग) ठेवा.