फँटसी कॅम्पेनमध्ये बंदूक आणायचीय? आधी शोरा कुठून येणार ते ठरवा

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर कुणीतरी म्हणतं, "माझ्या गड्याकडे बंदूक असू दे की," आणि डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) लगेच डॅमेजचे फासे ठरवायला बसतो. फासे नंतर. आधी दारू.

बंदुकीच्या दारूत वजनाने साधारण पाऊण भाग शोरा (पोटॅशियम नायट्रेट), बाकी कोळसा आणि गंधक. कोळसा कुठेही पाडता येतो. शोरा काढायचा तर जुन्या गोठ्यांची, लोणा लागलेली माती भिजवायची, पाणी गाळायचं, आटवायचं. काम चिवट आणि घाणेरडं. गंधक बहुतेक राज्यांना बाहेरूनच आणावा लागतो. म्हणून नकाशावर तीन खुणा करा: शोऱ्याची गावं, गंधक उतरतो ते बंदर, आणि दारू कुटायचा कारखाना. तिन्ही एकाच सुलतानाच्या ताब्यात असतील तर बंदुका फक्त त्याच्या फौजेकडे. तीन वेगळ्या मालकांकडे असतील तर मोहिमांचा दुष्काळ पडणार नाही.

सोलापूरकरांना नकाशासाठी फार डोकं खाजवायची गरज नाही. सोलापूरचा भुईकोट, नळदुर्ग, परांडा, विजापूर ही चार ठिकाणं जोडली की सोळाव्या शतकाची दारूगोळ्याची दुनिया तयार. सोलापूरचा किल्ला निजामशाही आणि आदिलशाहीत वर्षानुवर्षं भांडणाचा विषय होता, चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून गेला. नावं बदला, राजकारण तसंच ठेवा. आयतं आहे.

मग बंदुकीची पिढी निवडा. तोड्याची (पेटत्या दोरीने बार उडवणारी) की चकमकीची (गारेच्या ठिणगीने उडवणारी)? आमचं मत तोड्याच्या बाजूने, कारण तिच्यात अडचणी जास्त, आणि खेळात अडचणी हव्याच असतात. शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी म्हणजे तोडा. तो तासाला साधारण फूटभर जळतो. म्हणजे रात्रभर पहारा द्यायचा तर पेटता तोडा सतत सांभाळायचा, आणि अंधारात त्याचं लाल टोक नि वास दोन्ही शत्रूला कळणार. लपून जाणाऱ्या पार्टीला (खेळाडूंच्या टोळीला) स्टेल्थवर, म्हणजे लपण्याच्या फाशावर, डिसॲडव्हान्टेज द्या: दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. तोडा विझवला तर तो पुन्हा पेटवायला एक ॲक्शन, म्हणजे त्या फेरीतली मुख्य कृती.

आता नियम. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत मस्केट (लांब बंदूक) १डी१२, म्हणजे बारा बाजूंचा एक फासा, पल्ला ४०/१२० फूट (नेहमीचा/जास्तीत जास्त), किंमत ५०० सोन्याची नाणी. हेवी क्रॉसबो १डी१०, पल्ला १००/४००, किंमत ५०. सरासरीत फरक फक्त एका पॉइंटचा! म्हणजे बंदुकीने खेळ बिघडेल ही भीती पोकळ. खरी तक्रार उलटी येते: दहापट पैसे मोजून मिळालं काय?

त्यावर उपाय असा. डॅमेज २डी१२ करा, पण ठासणी खरी ठेवा. नळीत दारू, मग गोळी, गजाने ठासणं, कानात (बत्तीच्या भोकाशी) बारीक दारू. सराईत माणसालाही यात निदान अर्धं मिनिट जातं, म्हणजे सहा सेकंदांच्या पाच फेऱ्या. तेवढा वेळ खेळाडूला बसवून ठेवलं तर तो मोबाईल काढेल. त्यामुळे ठासायला एक पूर्ण ॲक्शन पुरे, म्हणजे एक आड एक फेरीत बार. ज्याला भरभर उडवायचेत तो तीन भरलेली पिस्तुलं कमरेला लावेल, आणि ते दिसायलाही झकास दिसतं. फाशावर १ आला की फुसका बार: पुढची ॲक्शन नळी साफ करण्यात. पावसात १ ते ५.

पावसाचं गणित इथल्यासारखंच ठेवा. सोलापूरकडे वर्षाचा बराच काळ कोरडा, दारूला उत्तम. सप्टेंबरात परतीचा पाऊस झोडपतो. तेव्हा दारू सर्द होते आणि काळ्या मातीत तोफगाडे आसापर्यंत रुततात. वेढा घालणाऱ्या सेनापतीला तारीख माहीत असते, किल्ल्यातल्यालाही. पार्टीला तेवढे दिवस तग धरायला लावा, झाली की मोहीम.

सगळ्यात जास्त घोळ जादूमुळे होतो. नियमानुसार फायरबॉलने (आगीच्या गोळ्याच्या मंत्राने) पेट घेतात त्या अंगावर नसलेल्या, कुणी हातात न धरलेल्या वस्तू. म्हणजे कमरेचं दारूचं शिंग वाचतं, गाड्यावरचं पिंप जातं. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर लढाई अर्ध्यात सोडून वाद चालतो. पिंपाचं डॅमेज ७डी६, दहा फुटांत, डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने बचावाचा फासा) १२ किंवा जास्त आला तर निम्मं. खेळाडू हमखास चार पिंपं एकत्र रचतात आणि २८डी६ मागतात. देऊ नका. पहिल्या पिंपाचे पूर्ण फासे, पुढच्या प्रत्येकाला २डी६ आणि पाच फूट जास्त घेर.

ज्या राज्यात आग फेकणारे जादूगार आहेत तिथे दारूकोठार वस्तीपासून लांब, जाड भिंतींचं, झरोके वळणाचे, आत लोखंडी हत्यार नाही, तांब्याची अवजारं, पायात नाल ठोकलेले जोडे नाहीत. एवढं वर्णन केलं की चोरीचा प्लॅन खेळाडू स्वतःच रचतात.

तोफ पार्टीच्या हाती देऊच नका, तिला मोहिमेचं लक्ष्य करा. मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याला होती, १६३२ मध्ये विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. अशा प्रवासाचं रक्षण करणं किंवा तो अडवणं, दोन्हींत पाच-सहा सत्रं सहज निघतात. तोफ डागायची वेळ आलीच तर भरणं, नेम, बत्ती या तीन वेगळ्या ॲक्शन, मारा ८डी१०.

सुरुवातीला पूर्ण पार्टीत एकच बंदूक आणि वीस बारांची दारू द्या. बार मोजायला टेबलावर खरे शेंगदाणे ठेवा. कुणी खाल्ला तर तो बार गेला.