सेव्ह केलं होतं, तरी फाइल गेली? राइट कॅशिंगची सेटिंग पाहून घ्या

मागच्या मे महिन्यात इतवारीत मामाच्या दुकानात बसलो होतो, संध्याकाळी वावधन सुटलं न लाइट गेली. मामा म्हणे टेन्शन नाही, आत्ताच सेव्ह केलं. लाइट आल्यावर पाहतो तर बिलांची फाइल जागेवर, साइजही बरोबर, पण उघडूनच नाही राहिली, आत नुसते शून्य.

होतं असं की सेव्ह दाबलं की डेटा आधी रॅममधे जातो, मग डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधे, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, न मग कुठं खरोखर डिस्कवर. यालाच राइट कॅशिंग म्हणतात. लिनक्समधे तर साधारण 30 सेकंदांपर्यंत तो रॅममधेच बसून राहू शकतो. नुसतं सॉफ्टवेअर क्रॅश झालं तर रॅममधे गेलेलं वाचतं, निळी स्क्रीन आली तर रॅममधलं जातं पण डिस्कच्या कॅशला करंट असतो म्हणून ते बहुतेक उतरतं, लाइट गेली तर दोन्ही गेलं. एनटीएफएसचं (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, आहे नं, म्हणाल, पण ते फाइलचं नाव-साइज सांभाळते, आतला माल नाही.

विंडोजमधे डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्क ड्राइव्ह्जमधे आपल्या डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग पॉलिसीज. तिथं दोन टिक दिसतील. पहिली राइट कॅशिंगची. लॅपटॉप असला किंवा यूपीएस असला तर राहू द्या, बिना यूपीएसच्या पीसीवर हिशेब ठेवत असाल तर काढा, डिस्क थोडी रडेल, म्हणजे स्लो होईल, जुनी हार्ड डिस्क असली तर जास्तच. दुसरी टिक बफर फ्लशिंग बंद करायची, तिला हातच लावू नका बाप्पा! स्पीड वाढते म्हणून लोकं लावतात, पण मग "आता खरंच लिहून टाक" हा विंडोजचा हुकूमच डिस्कपर्यंत जात नाही.

पेन ड्राइव्हला 2018 च्या विंडोज 10 अपडेटपासून क्विक रिमूव्हल (राइट कॅशिंग बंद) आपोआप असते, तरी कॉपी चालू असताना ओढू नका. लिनक्सवाल्यांनी कॉपी झाल्यावर टर्मिनलमधे सिंक (sync) ही कमांड मारायची, ती रॅममधलं डिस्कवर उतरवते, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबायचं न मग अनमाउंट.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागं यूपीएस मोडचं बटण आहे का पाहा, साध्या मोडमधे लाइन बदलताना पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. सगळ्या फाइली बंद करून एकदा मेन स्विच पाडून पाहा, आम्ही पाडला तेव्हा कळलं की मामाच्या यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यानं कधीचीच खाल्ली होती.